डीव्हीडी बिघडते कुठे?

संगणकावर व्हिडिओ छान चालतो, डिस्कही विनातक्रार राईट होते, आणि प्लेयरमध्ये घातली की पडद्यावर ‘नो डिस्क’ नाहीतर नुसता काळोख. घरच्या व्हिडिओची डीव्हीडी करू पाहणाऱ्या बहुतेकांची तक्रार गेली वीस वर्षे एवढ्याच वाक्यात मावते. आरोपीही ठरलेला असतो : बर्न करणारे सॉफ्टवेअर फुकटातले होते, म्हणून असे झाले. मग कुठून तरी नीरो या विकतच्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत मिळवायची, आणखी दोन-तीन कोऱ्या डिस्क वाया घालवायच्या आणि शेवटी फोटो स्टुडिओवाल्याकडे जायचे. हा आरोप चुकीच्या माणसावर आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. डिस्कवर लेझरने लिहिण्याची पायरी ही या सगळ्या कामातली सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी चुकणारी पायरी. बिघाड होतो तो त्याआधीच्या दोन कामांत, आणि एका बटणावर सगळे करून देणारी सॉफ्टवेअरे ती दोन कामे झाकून टाकतात. मुक्त सॉफ्टवेअरने ही कामे सुटी ठेवली. लोक त्याला गैरसोय म्हणतात. माझ्या मते त्याचा टिकाऊपणा आणि उपयोग दोन्ही त्यातूनच आले.

हे पटायचे तर डीव्हीडी प्लेयर नेमके काय वाचतो ते पाहावे लागते. डीव्हीडीचे मानक १९९५ मध्ये ठरले आणि १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये पहिले प्लेयर विक्रीला आले. त्या काळातल्या स्वस्त चिपला झेपावे म्हणून व्हिडिओ डीव्हीडीचे नियम मुद्दाम काटेकोर ठेवले गेले. चित्र एमपेग-२ चेच हवे (जुने एमपेग-१ ही चालते), आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० गुणिले ५७६ आणि सेकंदाला २५ चौकटी, आवाज एसी-३, एमपी-२ किंवा न दाबलेला पीसीएम, चित्राचा वेग सेकंदाला ९.८ मेगाबिटच्या आत आणि सगळे मिळून १०.०८ च्या आत. हा ऐवज व्हीओबी नावाच्या, प्रत्येकी एक जीबीच्या आतल्या फायलींत भरायचा. कोणता प्रसंग कुठे सुरू होतो, मेनूवर कोणते बटण दाबल्यावर कुठे जायचे, याचा नकाशा आयएफओ फायलींत. आणि नकाशा खराब झाला तर त्याची दुसरी प्रत बीयूपी फायलींत. प्लेयर डिस्कवर व्हिडिओ शोधत नाही, तो आधी हा नकाशा शोधतो. त्यामुळे फोनमधली एमपी-४ फाइल कोऱ्या डिस्कवर ओढून टाकली तर तयार होते ती डेटा डीव्हीडी. ती संगणकात उघडते आणि जुन्या प्लेयरला मात्र रिकामी वाटते. सॉफ्टवेअरने सांगितलेले काम बिनचूक केलेले असते. सांगितलेले कामच वेगळे होते. (मधला एक मार्गही आहे. आपल्याकडे विकल्या गेलेल्या बऱ्याच स्वस्त प्लेयरवर डिव्हएक्सचे चिन्ह असते. असा प्लेयर डेटा डिस्कवरची एव्हीआय फाइल चालवतो, आणि तशी फाइल एक्सव्हिड या मुक्त सॉफ्टवेअरने करता येते. आजच्या फोनचा एच-२६४ मात्र त्यातल्या बहुतेकांना उमगत नाही.)

म्हणजे कामे तीन : व्हिडिओ मानकात बसेल असा रूपांतरित करणे, नकाशासकट डीव्हीडीची रचना उभी करणे आणि ती डिस्कवर लिहिणे. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात तिन्हींची साधने वेगळी आहेत. रूपांतराला एफएफएमपेग, ज्याची सुरुवात फाब्रिस बेलार्ड याने २००० मध्ये केली, रचनेला डीव्हीडीऑथर, लिहिण्याला ग्रोआयसोएफएस, सीडीरेकॉर्ड किंवा झोरिसो. के-थ्री-बी आणि ब्रासेरो यांच्या सुबक खिडक्या या साधनांना हाका मारतात. सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. के-थ्री-बी मध्ये ‘व्हिडिओ डीव्हीडी’ असा प्रकल्प आहे, पण तो तयार व्हीओबी आणि आयएफओ फायलींची अपेक्षा करतो. एमपी-४ दिली तर तो ती रूपांतरित करून देत नाही. वापरणारा यावरून कार्यक्रम अपुरा आहे असे ठरवतो, पण मधली दोन कामे झालेलीच नाहीत हे त्या नकारात स्पष्ट लिहिलेले असते. डीव्हीडीऑथरचे वागणे तर याहून शिस्तीचे. त्याच्या ०.७ पासूनच्या आवृत्त्या पाल की एनटीएससी हे सांगितल्याशिवाय काम सुरूच करत नाहीत, आणि हे पाहून अनेक जण वैतागतात. पण हा प्रश्न न विचारता जी सॉफ्टवेअरे स्वतःच एनटीएससी गृहीत धरतात, त्यांच्यामुळे २५ चौकटींचा व्हिडिओ ओढूनताणून ३० चा होतो आणि मिरवणूक अडखळत चालल्यासारखी दिसते. आधीच अडवणारे साधन पाच डिस्क वाया घालवणाऱ्या साधनापेक्षा बरे.

सर्वाधिक बिघाड होतात ते पहिल्या कामात, आणि त्यातले निम्मे साध्या अंकगणिताचे असतात. एकपदरी डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात. संगणक हाच आकडा १०२४ च्या हिशेबाने ४.३८ जीबी दाखवतो, म्हणून दुकानदाराने फसवल्याचीही शंका येते. ४.७ अब्ज बाइट म्हणजे ३७.६ अब्ज बिट. एफएफएमपेगला ‘टार्गेट पाल-डीव्हीडी’ एवढेच सांगितले तर ते चित्राला सेकंदाला ६ मेगाबिट आणि आवाजाला ४४८ किलोबिट देते. भागाकार करून बांधणीचा थोडा खर्च वजा केला की सुमारे ९५ मिनिटे हाती येतात. दोन तासांच्या नाटकाला सगळे मिळून सेकंदाला ५.२ मेगाबिट वाट्याला येतात, म्हणजे आवाज १९२ किलोबिटवर आणून चित्राला ४.९ च्या आसपास. हे चांगले दिसते. पण लग्नाचे चार तासांचे चित्रीकरण ‘एकाच डीव्हीडीत बसवा’ असा आग्रह धरला की चित्राला उरतात जेमतेम २.३ मेगाबिट. मग अक्षता पडतात त्या क्षणी, म्हणजे पडद्यावर सर्वाधिक हालचाल असते तेव्हाच, चित्राचे चौकोनी तुकडे होतात. यावर उपाय दोनच : दोन डिस्क करणे, किंवा मानकाने मुभा दिलेल्या ३५२ गुणिले ५७६ या अर्ध्या रुंदीत उतरणे, ज्यात चित्र थोडे मऊ दिसते पण फुटत नाही. एका बटणाचे सॉफ्टवेअर यातला कोणताच पर्याय विचारत नाही. ते ‘फिट टू डिस्क’ म्हणते, मुकाट्याने दाबते आणि शिव्या मात्र डिस्कच्या ब्रँडला बसतात.

उरलेले निम्मे बिघाड मूळ चित्रीकरणातून येतात. फोन बहुधा सेकंदाला ३० च्या आसपास चौकटी टिपतो, पण कायम ३० नाही. उजेड कमी झाला की संख्या घटते. डीव्हीडीला ठरावीक ताल हवा असतो, म्हणून हा बदलता वेग आधी सरळ केला नाही तर दहा मिनिटांनी ओठ आणि आवाज यांची फारकत होते. आपल्याकडचे बहुतेक प्लेयर दोन्ही पद्धती चालवतात, तेव्हा फोनचे चित्रीकरण २५ वर ओढण्यापेक्षा २९.९७ चौकटींची एनटीएससी डिस्क करणे अधिक शहाणपणाचे. डीव्हीडीला ४:३ आणि १६:९ ही दोनच प्रमाणे ठाऊक आहेत, त्यामुळे उभे धरलेले चित्रीकरण दोन्ही बाजूंना काळे पट्टे घेऊनच येणार. जुन्या मिनीडीव्ही कॅसेटचा त्रास वेगळा : तिथे प्रत्येक चौकट दोन अर्ध्या पट्ट्यांत विभागलेली असते, खालची पट्टी आधी असते, आणि हा क्रम रूपांतरात उलटा झाला की हलणारी प्रत्येक गोष्ट थरथरते. ही सगळी माहिती एफएफएमपेगच्या एका तपासणी-आज्ञेत पडद्यावर येते. ती वाचायला पाच मिनिटे लागतात. न वाचल्यास पुन्हा सगळे रूपांतर.

मराठी वापरणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. डीव्हीडीवरची उपशीर्षके आणि मेनूवरची ठळक होणारी बटणे ही अक्षरे नसतात. ती चार रंगांची चित्रे असतात आणि व्हिडिओवर अंथरली जातात. म्हणून प्लेयर चीनमध्ये बनलेला असो की कुठेही, त्याला देवनागरी येण्याची गरज नाही. अडचण चित्र तयार करताना येते. अक्षरजुळणीची जाण नसलेल्या साधनाला मजकूर दिला की वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरे हलन्त होऊन सुटी पडतात. मेनूचा मजकूर इंकस्केप किंवा गिंपमध्ये मांडून चित्र म्हणून डीव्हीडीऑथरला दिला की ‘ज्ञानेश्वर’ धड ‘ज्ञानेश्वर’च राहतो. पायऱ्या सुट्या असल्याचा हा थेट फायदा. सगळे एकाच खिडकीत करणाऱ्या कार्यक्रमाच्या मेनू-साच्यात मराठी तुटत असेल, तर त्याला वळसा घालायला बऱ्याचदा वाटच नसते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. लग्नाची डीव्हीडी करू पाहणाऱ्या माणसाने आज्ञा का शिकाव्यात? त्याला एक बटण हवे आहे. ते आहेही : डीव्हीडीस्टायलर आणि डीव्हीड हे दोन्ही मुक्त कार्यक्रम फायली ओढून टाकल्या की मेनूसकट डीव्हीडीची रचना करून देतात, आणि नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. पण ते आतून तीच सुटी साधने वापरतात, म्हणून एखादा टप्पा अडला तर तेवढाच हाताने सोडवता येतो. बंद पेटीतल्या एकबटणी कार्यक्रमांचे काय झाले ते समोर आहे. मायक्रोसॉफ्टचा डीव्हीडी मेकर व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये होता, विंडोज ८ मध्ये तो गेला. अॅपलचे आयडीव्हीडी २०११ पासून नव्या मॅकवर येईनासे झाले. कंपन्यांचा रस संपला तशी साधने संपली, आणि त्या साधनांत अर्धवट राहिलेले प्रकल्प उघडायला आज जुना संगणकच शोधावा लागतो. समतोलासाठी हेही सांगतो की मुक्त असणे म्हणजे अमर असणे नव्हे. विंडोजवरचा डीव्हीडी फ्लिक हा लोकप्रिय मुक्त कार्यक्रम २००९ नंतर पुढे सरकला नाही. फरक एवढाच की तो थांबल्याने कोणाचे काम थांबले नाही, कारण त्याच्या पोटातली साधने इतरत्र जिवंत होती.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : मुक्त सॉफ्टवेअरवाले आपसात भांडतात आणि भोगतो वापरणारा. याला इतिहासाचा आधार आहे. योर्ग शिलिंग यांचे सीडीरेकॉर्ड हा युनिक्स जगातल्या बर्निंगचा पाया होता. २००६ मध्ये त्यांनी त्याच्या काही भागाचा परवाना बदलला, डेबियन या लिनक्स वितरणाला तो जीपीएल या मुक्त परवान्याशी विसंगत वाटला, कडवट वाद झाला आणि डेबियनने सीडीआरकिट नावाची वेगळी शाखा काढली. सीडीरेकॉर्डच्या जागी वोडिम आले. वोडिम मूळ कार्यक्रमापेक्षा कमी भरवशाचे ठरले आणि २०१० नंतर त्याची नवी आवृत्तीच निघाली नाही. कित्येक वर्षे लिनक्स वापरणाऱ्यांच्या डिस्क या भांडणापायी फुकट गेल्या, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पण त्याच काळात लिबबर्न आणि झोरिसो हा स्वतंत्र संच थॉमस श्मिट यांनी नेटाने उभा केला आणि आज लिहिण्याचे काम त्यावर निर्धास्त सोपवता येते. शिलिंग २०२१ मध्ये वारले. त्यांचा कार्यक्रम आजही मिळतो. भांडण, शाखा, पडझड आणि पर्याय हे सगळे उघड्यावर झाले. बंद सॉफ्टवेअरमध्येही भांडणे होतात, आपल्याला फक्त शेवटची नोटीस दिसते.

‘फुकट मिळते ते पुरेसे नाही का, मुक्त कशाला?’ असेही विचारले जाते, आणि इमबर्नचे उदाहरण दिले जाते. इमबर्न हे लिहिण्याच्या कामात उत्कृष्ट आहे, यात वाद नाही. पण त्याची अखेरची आवृत्ती २०१३ ची, तिच्या इन्स्टॉलरसोबत जाहिरातींचे सॉफ्टवेअर जोडून आलेले, आणि स्रोत बंद असल्याने दुसऱ्या कोणाला तो उचलून पुढे नेणे शक्य नाही. पेटंटचा भागही इथे आठवावा. एमपेग-२ साठी पेटंटधारकांना शुल्क द्यावे लागे. विंडोज ८ मधून डीव्हीडी चालवण्याची सोय मूळ आवृत्तीत काढताना मायक्रोसॉफ्टने याच खर्चाचे कारण दिले. अनेक लिनक्स वितरणे या भीतीने एमपेग-२ ची साधने सोबत देत नसत, आणि त्यातूनच ‘लिनक्सवर डीव्हीडी होत नाही’ ही समजूत पसरली. अमेरिकेतले त्यातले शेवटचे पेटंट फेब्रुवारी २०१८ मध्ये संपले. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्कवरील कुलूप हा वेगळा विषय आहे. नॉर्वेच्या योन योहान्सेनवर त्यावरून खटला झाला आणि २००३ मध्ये तो दोनदा निर्दोष सुटला, तरी आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कुलूप तोडण्याविरुद्ध कलम आले आहे. स्वतःच्या चित्रीकरणाला यातले काहीच लागू नाही.

आता लिहिण्याची पायरी. हिच्याविषयी सर्वाधिक सल्ले दिले जातात आणि सर्वांत कमी बोलण्यासारखे आहे. ‘जितके सावकाश तितके चांगले’ हा सल्ला सरसकट खरा नाही, कारण कोणत्या डिस्कवर कसे लिहायचे हे ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये ठरलेले असते. १६ पटीच्या डिस्कवर ८ पटीने लिहिणे हा व्यवहारी मध्य. घरच्या प्लेयरसाठी डीव्हीडी-आर घ्यावी, प्लस-आर असेल तर तिचा बुकटाइप (डिस्कचा प्रकार सांगणारी नोंद) डीव्हीडी-रॉम करावा, पुन्हा लिहिता येणारी आणि दुपदरी डिस्क टाळावी. डिस्क बंद करायला, म्हणजे फायनलाइज करायला, विसरू नये. आणि लिहून झाल्यावर डिस्क बाहेर काढून, परत घालून, मूळ प्रतिमेशी ताडून पाहावी. ही ताडणी जवळपास कोणी करत नाही.

सर्वांत मोठा आक्षेप शेवटी : डिस्कच मेली आहे, मग हा खटाटोप कशाला? मेली नसली तरी अखेरच्या पंगतीला बसली आहे, हे मान्य करायलाच हवे. नोएडाची मोझर बेअर एकेकाळी जगातल्या मोठ्या डिस्क-उत्पादकांत होती. तिने चित्रपटांच्या व्हीसीडी अवघ्या २८ रुपयांना आणून बाजार हलवला होता. २०१८ मध्ये ती अवसायनात गेली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नसतो. तरीही डिस्कचा एक गुण पेन ड्राइव्हमध्ये आणि ढगात नाही : एकदा लिहिले की बदलता येत नाही. आपल्या न्यायालयांत चित्रीकरणाचा पुरावा वर्षानुवर्षे सीडीवरच दाखल होत आला तो सोय आणि सवय या दोन्हींमुळे. जालना मतदारसंघाची २०१४ ची निवडणूक २९६ मतांनी लागली आणि उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही यावर खटला उभा राहिला. त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाच्या सीडींना प्रमाणपत्र हवे की नको, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या २०२० च्या निकालाने सांगितले की मूळ यंत्रच हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील प्रमाणपत्राच्या नमुन्यात तर फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइलच्या आशयावरून काढलेला ओळख-आकडाही मागितला आहे, जो कोणत्याही लिनक्स संगणकावर एका मुक्त आज्ञेने निघतो. म्हणजे डिस्कवर विश्वास आहे म्हणून पुरावा टिकत नाही. फाइल तीच आहे हे दाखवता येते म्हणून टिकतो. हाच न्याय घरच्या व्हिडिओलाही लावावा.

तसा लावला तर निवाडा असा निघतो. व्हिडिओ डीव्हीडी ही द्यायची वस्तू आहे, ठेवायची नाही. गावाकडे ज्यांच्या घरी अजून प्लेयर चालू आहे त्यांच्यासाठी ती करावी आणि नीट करावी. पण तिच्यात चित्र आधीच दाबून, लहान करून भरलेले असते, म्हणून तिलाच मूळ प्रत समजणे ही मोठी चूक. मूळ फायली जशाच्या तशा हार्ड डिस्कवर ठेवाव्यात, त्यांची दुसरी प्रत वेगळ्या घरी असावी, आणि हवी तर तिसरी डेटा डिस्कवर, सोबत हॅशची यादी आणि डीव्हीडिझास्टरने घातलेली दुरुस्तीची जादा माहिती. (या कार्यक्रमाच्या मूळ लेखकाने काम थांबवल्यावर इतरांनी ते पुढे नेले.) कोऱ्या डिस्कचा रंगथर सेंद्रिय असतो, ऊन, दमट हवा आणि निकृष्ट उत्पादन यांनी तो विरतो. कोकणातल्या पावसाळ्यात लाकडी कपाटात ठेवलेल्या डिस्ककडून फार अपेक्षा ठेवू नये.

आणि एक विनंती. नवी डीव्हीडी करण्याआधी घरातल्या जुन्या बाहेर काढा. २००५ च्या सुमाराच्या मुंजी, बारशी, गॅदरिंगची चित्रीकरणे बऱ्याच घरांत फक्त त्याच एका डिस्कवर आहेत, आणि त्या वाचणारे ड्राइव्ह आज बाजारात हजार-दीड हजारांत मिळतात. पुढे मिळतीलच याची खात्री नाही. जीएनयू डीडीरेस्क्यू या मुक्त साधनाने संपूर्ण डिस्कची आयसो प्रतिमा करून घ्या. ओरखडे असतील तर ते आधी चांगला भाग उचलते, मग खराब जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि कुठवर आले याची नोंद ठेवते, त्यामुळे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून राहिलेले तुकडेही मिळवता येतात. एमपी-४ करणे, सजवणे, व्हॉट्सअॅपवर पाठवणे नंतर सवडीने होईल. प्रतिमा मात्र या दिवाळीच्या साफसफाईतच करून टाका.